बटनांवरचं कुंकू पुसनारी बाई

तवा शाळंत मी हुते, माझी लेक लता, हेडमास्तर, शिपाई रहीमभाई आन् संस्थेची ती बाई. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मालक वारल्यावर मी शाळंत झाडलोट करायची. लताला शाळंतून काढायचं दिरांनी ठरवलं हुतं.

संस्थेनं शाळंला कम्प्युटर दिल्ता. आमी त्याला हार घातला, कुंकू लावलं आन् कुलपात ठिवला. पोरींचा इटाळ नको, म्हनून त्यांना आत बंदी.

ती बाई कम्प्युटर बघायला आली. पदरानं एकेक बटन पुसलं, फुंकर मारली आन् दारातल्या लताला खुर्चीत बसवलं.

"आवो बाई, बिघडलं तर?" हेडमास्तर म्हनले.

"मशीन मी दुरुस्त करीन, सर. घरी बसलेली पोरगी कोन दुरुस्त करनार?"

रहीमभाई हसला. "द्या सर किल्ली आता. पोरींसाठी मी उघडीत जाईन."

त्याच सांच्याला मी दिरांना सांगितलं, लता शिकनार. लई बोलनी खाल्ली, वर दोन घरची भांडी धरली. लता आता नागापूर गावात एका हापिसात हाय.

बाई परत आली न्हाई. नाव इचारायचं राहूनच गेलं. फाट्यावर एसटी थांबली की उतरनाऱ्या बाया मी आजूनबी बघते.

वाचनाऱ्यांनो, ती कुटं भेटली तर सांगा, आमच्या पुनतांब्याला एकदा येऊन जा म्हनावं.