पलीकडच्या काठावर सांगितलेलं नाव

माझ्या लेकीने सिनेमा केला. पाठीशी कुठली कंपनी नाही, कुणी नावाजलेला नट नाही. होते ते तिचे मित्रमैत्रिणी, कुणाचा तरी मागून आणलेला कॅमेरा आणि माझ्या स्वयंपाकघरातली पितळी पातेली. विषय पेशवाईतली कुणबीण. हल्ली हा शब्द कुणाला कळत नाही म्हणून सांगते, त्या काळी विकत घेतलेल्या बाईला असं म्हणत. तिला बाजारात विकत, आंदण देत, पळाली तर धरून परत आणत. लेकीच्या गोष्टीतली कुणबीण उतारवयात पळते आणि मही नदी ओलांडून कायमची सुटते.

आमच्या वरच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांनी हे ऐकलं आणि नाक मुरडलं. आमचं सासर संस्थानच्या जुन्या अधिकाऱ्यांचं, बडोद्यातल्या मराठी मंडळींत मान असलेलं.

"आपल्याच लोकांच्या घरांत असल्या बायका राबत होत्या, हे चव्हाट्यावर कशाला मांडायचं?" त्या म्हणाल्या.

"राबत होत्या ना? मग मांडू दे तिला," मी म्हटलं.

मी सहसा जाऊबाईंना उलट बोलत नाही. लेक माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "आई, कुणबीण तूच कर."

"मला कुठे अभिनय येतो?"

"नऊवारी नेसता येतं, जात्यावर बसता येतं, आणि तू रुसून मध्येच निघून जाणार नाहीस."

शेवटचं तिने फारच गृहीत धरलं होतं. पण मी हो म्हटलं.

महीच्या काठाला पाण्याने चिरलेल्या खोल घळी आहेत. इथे त्यांना कोतरं म्हणतात. त्यांतून मी अनवाणी धावले, पडले, पुन्हा धावले. घरी स्वतःचा टॉवेल वाळत न घालणारी माझी मुलगी उन्हात उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती, कुणाशी गुजरातीत, कुणाशी हिंदीत, माझ्याशी मराठीत. सगळे तिचं निमूट ऐकत होते. पायात काटे मोडले होते तरी माझी मान ताठ होती. खोटं कशाला बोलू, मला तिचा भयंकर अभिमान वाटत होता.

शेवटचा प्रसंग छोटा होता. होडीतून उतरायचं, पाण्यातून पलीकडच्या काठावर यायचं. तिथे धुणं धुणारी बाई विचारते, तू कोण? मालकाने ठेवलेलं नाव टाकून कुणबिणीने आपलं मूळचं नाव सांगायचं, की सिनेमा संपला. लेकीने एक गोड नाव शोधून ठेवलं होतं. ते मी परत परत म्हटलं आणि दरवेळी तिने मान हलवली.

"आई, शाळेत हजेरी घ्यायचीस तसं म्हणतेयस." जन्मभर मास्तरीण होते, दुसरं काय होणार! पण ऊन उतरत चाललं होतं आणि होडी तेवढ्याच दिवसापुरती मिळाली होती. हा प्रसंग साधला नसता तर तिच्या सिनेमाला शेवटच उरला नसता. तिचा चेहरा पडलेला मला बघवेना.

पुन्हा होडीत बसले. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो. ह्यांनी सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं आणि मी लाजून हसले होते. माहेर बडोद्यातच नागरवाड्यात, सासर अकोट्यात, मध्ये काय ती विश्वामित्री नदी. पण पूल ओलांडला आणि जुनं नाव पलीकडेच राहिलं. आई होती तोवर ती त्या नावाने हाक मारायची. ती गेल्यावर कुणीच नाही. लग्न म्हणजे गुलामी असलं काही मी म्हणत नाही. सकाळचा चहा अजून हेच करतात. तरी त्या होडीत मला आईची हाक फार आठवली.

पाण्यातून वर आले. धुणं धुणारी बाई त्याच गावची होती. तिने मान वर करून विचारलं, "तारुं नाम शुं, बेन?"

मी माझं नाव सांगितलं. माहेरचं.

लेक 'कट' म्हणायची विसरली. मग बुटांसकट पाण्यात शिरली आणि मला घट्ट धरून रडली.

अलकापुरीतल्या एका लहानशा सभागृहात सिनेमा दाखवला. पडद्यावर मी ते नाव उच्चारलं तेव्हा शेजारी बसलेल्या ह्यांनी माझा हात धरला. शेवटच्या पाट्यांत कुणबिणीच्या भूमिकेपुढे लेकीने माझं तेच नाव लिहिलं होतं. दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि जाऊबाई मात्र खुर्चीत बसून होत्या. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. मी जवळ गेले तशी त्यांनी मला खाली वाकायला लावलं.

"माझंही होतं गं," त्या म्हणाल्या आणि कानात आपलं माहेरचं नाव सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं.

त्या नावापुढे ताई लावून मी म्हटलं, "चला, रिक्षा बघू." त्या एखाद्या मुलीसारख्या चटकन उठल्या.

दोन्ही नावं मी इथे लिहिणार नाही. माझं ऐकायचं असेल तर लेकीचा सिनेमा बघा. जाऊबाईंचं ऐकायला आमच्या घरी यावं लागेल. रोज सकाळी मी जिन्यातून त्यांना हाक मारते, चांगली मोठ्याने.