सहा सिलिंडर, आठ सिलिंडर

मारुती मंदिरच्या रिक्षा स्टँडवर ज्यांनी वजीर होडेकर आणि विनोद पाष्टे यांचं भांडण ऐकलं नाही, ते रत्नागिरीत उगाच राहिले असं खुशाल समजावं. वजीर राजिवड्याचा. विनोद मूळचा लांज्याकडचा, पण नाचण्याला घर बांधून राहिलेला. दोघंही तरुणपणी कतारला ड्रायव्हर म्हणून गेले आणि केस पिकल्यावर परत येऊन रिक्षा चालवू लागले. दोहात एकाच आवारात दोन सख्ख्या भावांचे बंगले होते. थोरल्याकडे विनोद, धाकट्याकडे वजीर. थोरला मर्सिडीजशिवाय दुसऱ्या गाडीत बसायचा नाही, धाकटा बीएमडब्ल्यूशिवाय. भाऊ आपसात गुण्यागोविंदानं राहायचे. भांडायचं काम त्यांनी ड्रायव्हरांवर सोपवलं होतं.

विनोदचं म्हणणं, आठ सिलिंडर ते आठ सिलिंडर. एवढं मोठं धूड, पण नुसता पाय टेकवला की शंभरावर जातं आणि मागं बसलेल्या शेठच्या कपातला चहा हलत नाही. वजीर म्हणायचा, चहा हलू द्यायचा नसेल तर माणसानं घरी बसून प्यावा. त्याच्या गाडीला सहाच सिलिंडर, पण एका रांगेत उभे. रांगेतले सहा एकमेकांचा धक्का आपसातच जिरवतात, टर्बो मागून जोर लावतो आणि वळणावर गाडी ड्रायव्हरच्या मनातलं ओळखते. तुझी गाडी शेठसाठी केलेली, माझी ड्रायव्हरसाठी, हा त्याचा हुकमाचा एक्का. आणि हा सगळा वाद चालायचा एका सिलिंडरच्या रिक्षात, मागच्या सीटवर पाय दुमडून. नंबर लागला तरी दोघं हलायचे नाहीत. मागचा रिक्षावाला शिव्या घालत त्यांचं गिऱ्हाईक घेऊन जायचा.

दोहात एकदा विनोद तापानं फणफणला होता, तेव्हा त्याच्या शेठला विमानतळावर सोडायला वजीर मर्सिडीज घेऊन गेला. परत आल्यावर विनोदनं अंथरुणातूनच विचारलं, कशी वाटली?

"बैलगाडी," वजीर म्हणाला.

त्या एका शब्दावर विनोद पुढं जन्मभर चिडत राहिला.

गेल्या दिवाळीनंतर विनोदला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत यायचं असेल तर ते पहिल्या काही महिन्यांतच, तेव्हा त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना बोलतं करा. राजश्रीवहिनी त्याला देवाचं नाव घ्यायला सांगायची. लेक नम्रता पोरांना दाखवतात तशी आंब्याकेळ्यांची चित्रं दाखवायची. विनोद भिंतीकडे तोंड करून पडायचा. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, त्याला केळं दाखवून 'हे काय' विचारायचं, हे वजीरला बघवेना. त्यानं एकदा तोंड उघडावं, मग शिवी दिली तरी चालेल, एवढंच त्याचं मागणं होतं.

मग वजीर रोज दुपारी नंबर सोडून नाचण्याला जाऊ लागला. बायको फातिमानं डब्यात दिलेलं माशाचं कालवण वहिनीच्या हाती द्यायचं, खाटेशेजारी खुर्ची ओढायची आणि बीएमडब्ल्यूची आरती सुरू करायची. पण नुसत्या आरतीनं विनोद हलणारा नव्हता. वजीर त्याला ओळखून होता. कौतुकानं बोलणारा नव्हे तो, खोटं ऐकवलं की बोलणारा.

"विन्या, तुज्या मर्सिडीजला सहाच सिलिंडर होते," वजीर म्हणाला. "तू उगाच आठ सांगत फिरायचास."

विनोदनं भिंतीकडचं तोंड वळवलं. डोळे तांबडे झाले. डावा हात खाटेच्या कडेवर आपटला, पुन्हा आपटला. वहिनी आतून धावत आली आणि म्हणाली, वजीरभाई, नका हो, त्यांना त्रास होतो.

"होऊ दे, वहिनी. त्रास होतोय तवर तो हाय."

रोज हेच चाललं. सहा, सहा, सहा. आणि एका दुपारी विनोदच्या गळ्याची शीर फुगली, ओठ वाकडे झाले, आणि लाळेबरोबर बाहेर आलं, "आ...ठ."

वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. वजीर स्टँडपर्यंत हॉर्न वाजवत गेला आणि सगळ्यांना चहा पाजला. त्याला वाटलं, जिंकलो. आठ आला, आता मागोमाग मर्सिडीज येईल, कपातला चहा येईल, सगळं भांडण एकेक शब्द करत परत येईल.

पण आलं काहीच नाही. दुसरा झटका आला, पहिल्याहून मोठा. घरी आणलं तेव्हा विनोद अर्धा उरला होता. वजीर पुन्हा खुर्ची ओढून बसला, पुन्हा सहा म्हणाला, चार म्हणाला, शेवटी बैलगाडीही म्हणाला. हात हलला नाही. डोळे शांत होते, आणि वजीरला भीती वाटली ती त्या शांत डोळ्यांची. रागावलेला विनोद त्याला ठाऊक होता. हा कोण, ते कळत नव्हतं.

अशाच एका दुपारी वजीर बोलून बोलून थकला आणि गप्प बसला. तेव्हा विनोदनं डावा हात सरकवून त्याच्या मनगटावर ठेवला आणि अगदी स्वच्छ म्हणाला, "तुजीच बरी."

वहिनीनं दारातून ऐकलं. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. दोन शब्द, तेही सरळ. ती नम्रताला फोन करायला आत पळाली. वजीर मात्र गार पडला. एवढ्या वर्षांत जे विनोदनं कबूल केलं नाही, ते तो असं सहज देऊन टाकत होता. निघालेला माणूसच असा हात सैल सोडतो.

"न्हाय," वजीर म्हणाला. "कायतरी बोलू नको. आठ ते आठ. चहा हलत न्हाय विन्या, खरंच हलत न्हाय. त्या दिवशी मी बैलगाडी म्हटलं ना, ते खोटं. शेठला सोडून येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आलो. गाडीतून उतरावंसं वाटत नव्हतं मला. तुला कधी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर आपण भांडणार कशावर?"

तो विनोदचेच मुद्दे विनोदला सांगत राहिला, विनोदच्याच शब्दांत, हाताला धरून. आयुष्यातलं शेवटचं भांडण, आणि दोघंही एकमेकांच्या बाजूनं. विनोद अर्ध्या तोंडानं हसला. आजाऱ्याची समजूत काढणाऱ्याकडे बघून हसतात, तसं. मग त्यानं हळूच मान हलवली. न्हाय, तुजीच.

विनोद त्याच आठवड्यात गेला. वजीरनं खांदा दिला. खरं दुःख त्याला हे, की जन्मात एकदाच खरं बोललो आणि नेमकं तेच विनोदला खोटं वाटलं.

हल्ली स्टँडवर कुणी गाड्यांचा विषय काढला तर वजीर त्यात पडत नाही. नंबर लागला की लगेच निघतो.