काचेची बाजू

शुक्रवार पेठेतल्या त्या कॉम्प्युटरवाल्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचे सगळे भाग एका बाजूला काच असलेल्या नव्या कॅबिनेटमध्ये घालून घ्यायला मी त्यांच्या दुकानात गेलो होतो. बाईंनी पदर खोचला, स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवले आणि जुना लोखंडी डबा उघडला.

"अगंबाई, काय हा गुंता!" शाळेतून आलेल्या पोरीचे विस्कटलेले केस बघून हसावं तशा त्या हसल्या.

मदरबोर्ड, हार्ड डिस्क, पंखा, सगळं नव्या जागी बसलं. मग त्यांनी एकेक वायर बोटांनी विंचरली, जुडी केली आणि घरच्या हातमागावरच्या लाल सुतानं गाठ मारली.

"नेहमीच इतकं नीट बांधता? आत कोण बघतंय?" मी विचारलं.

"इतकी वर्षं कुणीच न्हाय की! म्हणून तर तुमच्या नव्या डब्याला काच बघून लई बरं वाटलं."

मग शेजारच्या चहावाल्याला हाक मारून त्यांनी काचेतून सगळं दाखवलं. तोही किटली धरून बघत राहिला.

घरी कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, तर काचेची बाजू नेमकी भिंतीकडे आली.

"राहू दे की," बायको म्हणाली, "कोण बघतंय?"

मी टेबलच दुसऱ्या भिंतीला नेलं.