ताई तलावाकाठी झोपली

सकाळी निलेशचा फोन आला. "मामा, आई उठून नाही राह्यली," एवढंच तो म्हणाला. मी यवतमाळला माझ्या घरी ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "झोपू दे ना रे तिले." पलीकडून रडण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मला समजलं. ताईमागचा जलदानाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, काही आठवडेही उलटले. तरी माझं ते वाक्य कानातून जात नाही.

प्रमिलाताई माझी थोरली बहीण. मारेगावात राहायची. अंगणवाडी सेविका होती. भाऊजींना लकवा झाला आणि तिनं नोकरी सोडली. भाऊजींचं उजवं अंग गेलं, वाचा जवळजवळ गेली. दोन-चार शब्द तेवढे उरले. तेव्हापासून त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, सगळं ताई एकटीच करायची. निलेश पुण्याला नोकरीत. मी अधूनमधून जायचो, चहा प्यायचो, परत यायचो.

उरलेल्या शब्दांतला एक शब्द होता 'तलाव'. भाऊजी पाटबंधारे खात्यात होते आणि लग्नानंतरची पहिली वर्षं दोघांनी अर्जुनीकडे, इटियाडोह धरणाच्या तलावाच्या बाजूला काढली होती. त्यांना तो भाग एकदा दाखवायचं निलेशनं ठरवलं आणि दिवाळीनंतर तो भाड्याची मोठी गाडीच घेऊन आला. आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, मागे छोटासा संडास. गल्लीतली माणसं डोकावून गेली. ताई म्हणाली, "हे तं घरच झालं. मंग घर सोडून जायचं कायले?" पण तिनं गाठोडं बांधलं. मीही सोबत निघालो.

वणी, चंद्रपूर, मूल करत आम्ही गेलो. आपल्याकडची काळी माती, कापसाची बोंडं मागे पडली आणि धानाच्या बांध्या सुरू झाल्या. गावागणिक एक छोटी बोडी, एक मोठा तलाव. कुठे कमळं, कुठे शिंगाड्याचे वेल. घोडाझरीला निलेशनं गाडी पाण्याकडे पाठ करून लावली, मागचं दार उघडलं, आणि आम्ही भाऊजींना उशांना टेकवून बसवलं. ते बघत राहिले. "चहा मांडतो," असं म्हणून ताई मागच्या बाकावर जरा टेकली, आणि तिथंच झोपली.

आम्हाला वाटलं, थोडा वेळ झोपेल. ऊन उतरलं तरी ती हलली नाही. निलेश तिला उठवायला गेला. "आई, तलाव तं पाह्य. एवढ्या लांब कायले आलो मंग?" तेवढ्यात भाऊजींनी चांगला हात वर केला आणि कष्टानं म्हणाले, "निजू दे." त्यांच्या तोंडून इतके शब्द एकत्र आम्ही कधीपासून ऐकले नव्हते.

नवेगाव बांधलाही तेच. डोंगर, पाणी, पाखरांचे थवे, आणि ताई पाठ करून झोपलेली. मधेच उठायची, दोन घास खायची, पुन्हा आडवी व्हायची. भाऊजींचं सगळं निलेशनं आणि मी केलं. बापाचं अंग त्यानं पहिल्यांदाच पुसलं. संध्याकाळपर्यंत आमच्या दोघांच्या कमरा धरल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

इटियाडोहला मात्र ताई जागी झाली. एकटीच काठावर जाऊन बसली, पाय पाण्यात सोडून. निलेश जवळ जाऊन म्हणाला, "आई, उद्या निघू."

"तुम्ही जा. मले नाही यायचं घरी."

"असं काहून म्हणतेस?"

तिनं हातानं तलाव दाखवला. "पाह्य, एवढं पाणी पडून आहे. कोणी उठवून नाही राह्यलं त्याले."

ती रडली नाही, चिडली नाही. निलेश तिच्या शेजारी बसून राहिला. गाडीतून भाऊजींचा कण्हण्याचा आवाज आला. ताईनं पदरानं पाय पुसले, उठली, आत जाऊन त्यांची उशी सारखी केली. दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर निघाली.

निलेशनं लगेच देखभालीला माणूस ठेवला. ताई त्याच्याही आधी उठून पाणी तापवायची. त्याला काम उरेना, तो गेला. पुण्याला चल म्हटलं तर नको म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात निलेश सुट्टीवर आलेला असतानाच ती गेली. झोपेतच.

आता भाऊजी माझ्याकडे आहेत. निलेश पुण्याला मोठी जागा पाहतोय, तोवर. रोज संध्याकाळी माझी पाठ भरून येते आणि ताईनं हे एकटीनं कसं केलं, ते समजत नाही. एक गोष्ट तर मला भाऊजी इथं आल्यावर निलेशकडून कळली. ताई खाटेशेजारी खाली झोपायची आणि पदराचं टोक भाऊजींच्या चांगल्या हातात द्यायची. काही हवं झालं की त्यांनी ओढायचं. त्या सकाळी त्यांनी किती वेळ ओढला असेल, ते त्यांना सांगता येत नाही. मी विचारतही नाही. जेवण झालं की त्यांचा हात खाटेच्या कडेवर चाचपडू लागतो. एकदा मी ताईचं सुती लुगडं आणून त्याचं टोक हातात दिलं. त्यांनी ते बोटांत धरलं, हळूच ओढलं, थांबले. पुन्हा ओढलं. लुगडं सरसर वर आलं... त्यांनी ते सोडून दिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.