फक्त टेक्निकल प्रश्न विचारावेत

अमेरिकेतल्या कुठल्याही देशी घरात दह्याचे रिकामे डबे साठतात, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी जमवले नाहीत. पण एखाद्या पार्टीत कोणी विषय काढला की कपाट उघडावं तसे ते धडाधड अंगावर येतात. मी टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मी सांगते ते थोडं खवचट वाटेल, पण खोटं नाही.

ग्रुप म्हणजे इंटरनेटवरचा, अमेरिकाभर पसरलेल्या मराठी डेव्हलपर लोकांचा. तो काढला अल्फारेटाच्या बापटकाकांनी. काका आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, पुण्याचे, मेनफ्रेमवाले, म्हणजे खोलीएवढ्या जुन्या कॉम्प्युटरवर वाढलेले. ग्रुपचं नावच त्यांनी ‘फक्त टेक्निकल’ ठेवलं होतं. पहिल्या पानावर सूचना होती : ‘फक्त टेक्निकल प्रश्न विचारावेत. इतर धागे बंद केले जातील.’ धागा म्हणजे एका विषयावरची चर्चा. आणि काका ती खरंच बंद करायचे! दिवाळीच्या शुभेच्छांचा धागासुद्धा त्यांनी बंद केला होता. वर लिहिलं, ‘तुम्हालाही.’

*

तेव्हा आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचो. त्यातून काय काय अनर्थ झाले ते विचारू नका.

मंदार नेपरव्हिलला आमच्याच गल्लीत राहतो. मुंबईचा आहे, आणि सगळ्यातलं सगळं कळतं असं त्याला वाटतं. पहिल्याच थंडीत तो ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरला. हॉस्पिटलमधून त्यानं ग्रुपवर एवढंच टाकलं, ‘पाय गेला यार!’ पण पाय लिहिला पी-ए-वाय.

दिवस मंदीचे होते. रोज कोणाचा ना कोणाचा जॉब जात होता. दहा मिनिटांत सहानुभूतीचा पूर लोटला. ‘रेझ्युमे पाठव.’ ‘चांगला वकील आहे, नंबर देतो.’ जर्सी सिटीच्या गिरीशनं तर फार मनापासून लिहिलं, ‘टेन्शन घेऊ नकोस भाऊ. माझाही गेला होता. महिन्याभरात दुसरा मिळाला, आधीच्यापेक्षा चांगला.’

प्लास्टरमधल्या मंदारनं उत्तर दिलं, ‘दुसरा आहे रे माझ्याकडे. तो शाबूत आहे!’

काकांनी धागा बंद केला. कारण : टेक्निकल नाही. मंदार चिडला. त्यानं नवा धागा काढला : ‘हार्डवेअर फेल्युअर. डावीकडचा सपोर्ट तुटला. बॅकअपवर उभा आहे.’

हा धागा काकांनी चालू ठेवला.

*

झालं! सगळ्यांना युक्ती सापडली. विषय काहीही असो, भाषा टेक्निकल हवी.

एका संध्याकाळी गिरीशचा प्रश्न आला : ‘प्रोसेस थांबत नाहीये. तीनदा सिग्नल आला, तरी चालूच आहे. आउटपुट झाकणाच्या कडेनं भिंतीवर जातंय. अर्जंट.’ आमचे हुशार लोक लगेच सर्व्हर कुठला, व्हर्जन कुठली विचारायला लागले. काकांनी मात्र एकच ओळ लिहिली.

‘गॅस बंद कर. वरण खाली ठेव. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडू नकोस.’

*

त्या गिरीशबद्दल नीट सांगायला हवं. नागपूरचा, एकुलता एक, वडील नाहीत. आई तिकडे मराठीच्या शिक्षिका होत्या, आता रिटायर. ग्रीन कार्डाची फाइल अशा जागी अडकली होती की देशाबाहेर पाय टाकला तर परत यायला मिळेल की नाही सांगता येत नव्हतं. आईला बघून वर्षं झाली होती. त्यात बायकोला दिवस गेलेले. बाळ यायच्या आत आई इथं यायला हवी, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि आईला व्हिसा मिळत नव्हता.

पहिल्या वेळी सुशीलाकाकू, म्हणजे गिरीशची आई, नागपूरहून मुंबईला कॉन्सुलेटमध्ये गेल्या. खिडकीमागच्या साहेबानं दुभाष्या बाईतर्फे विचारलं, तिकडे जाऊन काय करणार? काकू अभिमानानं म्हणाल्या, ‘सारं मीच करणार! स्वयंपाक, घर, बाळंतपण. त्या दोघांना काही येत नाही.’

साहेबाला वाटलं, बाई कामाला चालल्यात. व्हिसा नाही!

गिरीशनं ग्रुपवर लिहिलं : ‘क्लायंट नागपूर, सर्व्हर मुंबई. रिक्वेस्ट रिजेक्ट होतेय. एरर मेसेज : परत जाणार याची खात्री नाही. रिट्राय कसा करू?’ वाचून हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. काकांनी धाग्याला हात लावला नाही.

*

दुसऱ्या इंटरव्ह्यूची तयारी अख्ख्या ग्रुपनं केली. मंदार म्हणाला, ‘दुभाषी नको, इंग्लिशमध्ये बोलू दे. इम्प्रेशन पडतं.’ त्यानं ठरावीक विचारले जाणारे प्रश्न काढून ग्रुपवर टाकले. गिरीशनं खाली त्यांची उत्तरं लिहिली. काकूंनी घराजवळच्या सायबर कॅफेत जाऊन ते सगळं वाचलं आणि क्रमांकानुसार पाठ केलं. शिक्षिकाच त्या, पाठांतर चोख!

इंटरव्ह्यूत साहेबानं नाव विचारलं. काकू गप्प.

मुलं किती? काकू म्हणाल्या, ‘सुशीला.’

किती दिवस राहणार? ‘ओन्ली वन.’

तिकडे काय करणार? ‘सिक्स मन्थ्स.’

साहेबानं पासपोर्ट परत सरकवला.

झालं होतं असं की मंदारनं प्रश्नांना नंबर घातले होते शून्यापासून. सवयच ती, प्रोग्रामर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. गिरीशनं घाईत उत्तरांना नंबर घातले एकपासून, माणसासारखे. काकूंनी एक नंबरच्या प्रश्नाला एक नंबरचं उत्तर लावलं. शून्य नंबरच्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं!

मी फोनवर काकूंना विचारलं, ‘अहो, पण निदान नाव तरी सांगायचं!’

‘नाव माहीत होतं गं मला,’ काकू म्हणाल्या. ‘पण तुमच्या त्या यादीत त्याचं उत्तर नव्हतं. म्हटलं, पासपोर्टात पाहून घेतील. प्रश्न-उत्तर जुळत नाही हे ध्यानात आलं होतं. पण एवढी शिकलेली पोरं तुम्ही, चुकाल कशी? वाटलं, तिकडची पद्धतच असेल.’

मंदार आठवडाभर ग्रुपवर फिरकला नाही. काकांनी फक्त एवढंच लिहिलं, ‘मेनफ्रेमवर आम्ही एकपासून मोजतो.’

*

काका तसे कोरडे नव्हेत. एकदा काकू, म्हणजे बापटकाकू, पुण्याला गेल्या होत्या. तेव्हा काकांनी स्वतःच एक धागा काढला : ‘सिस्टिम आठ दिवस आयडल आहे. आवाज अजिबात नाही. काय तपासावं?’

मंदारनं उत्साहानं विचारलं, ‘काका, कुठली सिस्टिम?’

काकांनी लिहिलं, ‘घर.’

आणि आम्ही काही लिहायच्या आत स्वतःचा धागा स्वतःच बंद केला.

*

पण ग्रुपवरचा सगळ्यात लांब धागा होता ‘रिटर्न स्टेटमेंट’. प्रोग्राममध्ये काम संपलं की जिथून आलो तिथं परत जायची जी आज्ञा असते, ती. नाव पक्कं टेक्निकल, त्यामुळे काकांना काही बोलता येईना. आत काय? तर आपण भारतात परत कधी आणि का जाणार, याच्या गप्पा!

रोज कोणीतरी तिथं रडायचं. ‘बर्फ उपसून कंबर मोडली, आता बास.’ ‘फ्रोजन पोळी खाऊन किती दिवस काढायचे?’ ‘मुलगी आजीशी इंग्लिशमध्ये बोलते यार, निघायलाच हवं.’ पुढच्या वर्षी, नक्की, असं प्रत्येकजण लिहायचा. सगळ्यात कळवळून लिहायचा मंदार. आपल्या मातीला हाक आलीय वगैरे. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच महिन्यात त्यानं नेपरव्हिलला चार बेडरूमचं घर घेतलं. वास्तुशांतीला मी विचारलं, ‘काय रे, आणि ती माती?’

‘हे टेम्पररी आहे गं,’ मंदार म्हणाला, आणि बेसमेंट कसं फिनिश करणार ते दाखवायला मला खाली घेऊन गेला.

तो धागा इतकी वर्षं चालला. त्यातलं एकही माणूस परत गेलं नाही.

*

गिरीशच्या बायकोला सातवा लागला. आईचा तिसरा इंटरव्ह्यू आला. यावेळी त्यानं मंदारला लांबूनच हात जोडले आणि ग्रुपवर तयारीचं नावही काढलं नाही. आईला फोनवर म्हणाला, ‘तुला वाटेल ते बोल. मराठीतच बोल.’ ही शेवटची संधी, हे त्याला माहीत होतं, आम्हालाही. त्या दिवशी ऑफिसमध्ये माझं एकाही बगकडे लक्ष नव्हतं, आणि मुंबईत सकाळ म्हणजे आमची रात्र, त्यामुळे रात्री झोपही नव्हती. सारखी ग्रुपचं पान रिफ्रेश करत होते.

आम्हाला एक माहीत नव्हतं. मंदारचे प्रश्न वाचायला म्हणून काकू सायबर कॅफेत गेल्या, ती त्यांना सवयच लागली होती. इंग्रजी अक्षरांतलं मराठी अडखळत, शुद्धलेखनाला नावं ठेवत त्या रोज वाचायच्या. आणि वाचायच्या तो एकच धागा.

मध्यरात्री गिरीशचा मेसेज आला. आईनं जसं सांगितलं तसं त्यानं लिहिलं होतं.

साहेबानं विचारलं, ‘तुमचा एकुलता एक मुलगा तिकडे. इथं तुमचं कोणी नाही. तुम्ही परत याल हे कशावरून?’

काकू म्हणाल्या, ‘अहो, मी कशाला थांबू तिकडे? तिकडे कोणी राहायलाच तयार नाही! सारेच्या सारे वापस येऊन राहिले.’

‘सारे म्हणजे कोण?’

‘माझा गिरीश, तो मंदार, त्यांचे सगळे मित्र. रोज लिहितात, मी स्वतः वाचते. फार कंटाळलेत हो लेकरं. पुढच्या वर्षी नक्की निघतात. वरच्या खोलीला मी रंग मारून घेतला, पाळणा टांगायला कडी ठोकली. मी तर बाप्पा त्यांना घ्यायला चालले.’

दुभाष्या बाईंना हसू आवरेना. साहेबानं काकूंकडे बघितलं, पासपोर्ट ठेवून घेतला, आणि म्हणाला, ‘हॅव अ गुड ट्रिप.’

ग्रुपवर नुसता जल्लोष! कुणी बर्फीची चित्रं टाकली, कुणी फटाक्यांची. मंदारनं सगळं श्रेय स्वतःच्या लिखाणाला दिलं, आणि यावेळी ते त्याला देणं भागच होतं.

मग गिरीशची आणखी एक ओळ आली.

‘आईचा आत्ताच फोन होता. परतीची तिकिटं किती काढायची विचारतेय. काय सांगू?’

मी पान रिफ्रेश करत राहिले. बऱ्याच वेळानं काकांचं उत्तर दिसलं.

‘हा प्रश्न टेक्निकल नाही.’

धागा मात्र त्यांनी बंद केला नाही.