लिंबाखालचा रेडिओ

ऐंशीच्या दशकात माझी पोस्टिंग पंजाबात होती, लष्कराच्या इंजिनिअर्स कंपनीत. जोडीदार नाईक बलकार सिंग. पहाटे पीटी, मग रस्त्यावर सुरुंग शोधायचे, दुपारी लंगरमधली, म्हणजे आमच्या मेसमधली, डाळ. मायनं दिलेली जवसाची चटणी बलकार डाळीत कालवून खायचा आणि माझा अर्धा डबा फस्त करून मलाच खादाड म्हणायचा. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

एका बाजारात बेवारस ट्रान्झिस्टर सापडला. बलकारने सगळ्यांना हटवलं आणि एकटा पुढे गेला. वायरलेसवर एवढंच आलं, "सबको पीछे रखो. ओवर." मग स्फोट झाला. बाजारातल्या कुणालाही खरचटलं नाही.

महिन्याभराने सुटीवर माझ्या गावी, अल्लीपूरला आलो. स्टँडवरच्या लिंबाखाली एक रेडिओ पडलेला. पेपरातल्या ट्रान्झिस्टर बॉम्बच्या बातम्यांनी लोक आधीच धास्तावलेले, जवळ जाऊन बघायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यांच्या नजरा करतारकडे. करतार म्हणजे गावातला एकुलता एक सरदार, पंप दुरुस्त करणारा. आमच्या सगळ्यांच्या विहिरी त्याच्या भरवशावर.

"यानंच ठेवला असंन," देवराव म्हणाला. "आजच्या आज गावाबाहेर काढा याले."

दोघांनी त्याच्या टपरीतलं सामान बाहेर फेकायला सुरुवात केली. माझं डोकं फिरलं, पण बॉम्बचं ड्रिल आधी. माणसं हटवली. कासऱ्याला आकडा बांधला, सरपटत जाऊन रेडिओला अडकवला. डोळ्यांपुढे बलकार होता. ओट्याआड पडून कासरा ओढला. रेडिओ आपटला, झाकण उघडलं, सेल घरंगळले. बाकी काही नाही.

एवढ्यात देवरावचा बाप न्हाव्याकडून दाढी करून परतला.

"माहा रेडू काऊन फोडला बे?"

लोक हसले. करतार हसला नाही. मग मी तिथंच बलकारची हकीकत सांगितली, तोही सरदारच होता हेही. बॉम्ब ठेवणारे दूर पंजाबात. माणसांत फूट पाडायचं त्यांचं उरलेलं काम आम्ही इथं फुकटात करत होतो. देवरावने खाली मान घालून सामान परत रचलं.

सुटी संपली तेव्हा मायनं नेहमीसारखे चटणीचे दोन डबे भरले; दुसरा बलकारचा असायचा.

"माय, बलकार नाई राह्यला."

"मालूम हाय मले. दुसरा करतारले देजो."

मी देऊन आलो. डाळीत कालवून खा, एवढं सांगितलं.