गुरुवारची दाढ

मला आजवर भेटलेल्या माणसांत सगळ्यात भित्रा कोण, असं कुणी विचारलं तर मी ज्याच्याकडे बोट दाखवीन, त्याला बघून महाळुंग्यापासून देहूरोडपर्यंतची निम्मी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मी मनोविकारतज्ज्ञ. चिंचवडला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर माझा दवाखाना आहे, आणि हे माझे गुरुवारी चारचे पेशंट. नाव सांगत नाही. सांगितलं तर व्यवसायाची शपथ मोडेल, आणि शपथेबरोबर आणखीही काही मोडेल अशी भीती एके काळी वाटायची. त्यांची माणसं त्यांना शेठ म्हणत, म्हणून मीही शेठच म्हणायचो. चाकणच्या पट्ट्यात कुठल्या कंपनीचं भंगार कुणी उचलायचं, कुठल्या गेटातून कुणाचे कामगार आत जायचे, हे शेठ ठरवायचे. कसं ठरवायचे ते मी विचारलं नाही. असल्या माणसाला लिफ्टची भीती वाटायची, झुरळाची वाटायची, आणि छातीत धडधडायला लागलं की "चाललो मी" म्हणून ते गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावायचे. तीन हृदयरोगतज्ज्ञांनी हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. चौथ्यानं धीर करून त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या दिवशी ते जिन्यानं तीन मजले चढून आले. पुढे दोन माणसं, मागे दोन माणसं. त्यातल्या एकानं माझं टेबल वाकून बघितलं, दुसऱ्यानं पडदा हलवून बघितला, आणि माझ्या भिंतीवरच्या पदव्या बराच वेळ वाचून "ओके हाय शेठ" असा दाखला दिला. मग शेठ सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसले. "दाराकडं पाठ करून आमी बसत न्हाई डॉक्टर. सवय न्हाई." त्या दिवसापासून पुढची दोन वर्षं दर गुरुवारी मी पेशंटच्या खुर्चीत बसलो. खरं सांगतो, त्या खुर्चीला एक पाय आखूड आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. एकदा मी हात धुवायला आत गेलो असताना निगडीच्या एक आजी वेळ चुकून थेट आत शिरल्या आणि शेठनाच डॉक्टर समजून सुनेची सगळी कहाणी सांगून बसल्या. मी बाहेर आलो तर शेठ डोळे पुसत होते. "मावशी, सुनंला एकदा म्हना, तुज्या हातची भाजी लई आवडती मला. खोटं का असंना," असा सल्ला त्यांनी दिला होता. आजींना इतका गुण आला, की पुढच्या वेळी त्या मला म्हणाल्या, "तुम्ही नको, त्या मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

आपण मनाच्या डॉक्टरकडे जातो हे बाहेर फुटलं तर धंद्यात कुणी विचारणार नाही, ही शेठची मोठी काळजी. सुदैवानं माझ्या शेजारीच दातांचा दवाखाना आहे. त्यामुळे शेठ दर गुरुवारी दाढ दाखवायला जातात, असं त्यांनी गावभर करून टाकलं. थोडे दिवस ठीक चाललं. पण महिनोन्महिने दर आठवड्याला एकच माणूस दाढ दाखवतोय म्हटल्यावर लोकांनी हिशोब घातला, आणि शेठच्या तोंडात आता एकही खरा दात नाही, अशी बातमी पार तळेगावापर्यंत गेली. लग्नकार्यात यजमान त्यांच्यासाठी मऊ भात वेगळा काढून ठेवू लागले. शेठनी तो निमूट खाल्ला, पण खरं काही सांगितलं नाही.

माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि तो फार महागात पडायचा. बोलता बोलता एकदा मी म्हणालो, खालचा चहावाला हल्ली चहा फार पाणचट देतो. दुसऱ्या दिवशी चहावाला स्वतः जिना चढून आला. चहा निव्वळ दुधाचा, वर वेलदोडा, आणि पैसे घ्यायला काही केल्या तयार नाही. आठवड्याभरात तो झोप लागत नाही म्हणून माझ्याकडेच पेशंट झाला. तेव्हापासून मी शेठपुढे उन्हाबद्दलसुद्धा तक्रार करत नसे. पण खरी गोम पुढेच होती. शेठमुळे ज्यांची झोप उडाली होती, असे निघोज्याचे, महाळुंग्याचे, कुठले कुठले लोक एकेक करून माझ्याकडेच येऊ लागले. मी त्यांना शनिवार दिला. म्हणजे गुरुवारी ज्याला शांत करायचं, त्यानंच घाबरवलेल्यांना शनिवारी शांत करायचं, असा माझा आठवडा चालायचा.

त्या शनिवारांतच अकरा वाजताचे एक गृहस्थ होते. निघोज्याच्या एका कंपनीत फिटर, निवृत्तीला आलेले, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा. झोप येत नाही म्हणायचे. तिसऱ्या भेटीत त्यांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं आणि माझ्या हातातलं पेन खाली पडलं. हे शेठचे थोरले बंधू. वडील गेले तेव्हा शेठ सहा वर्षांचे होते. थोरल्यांनी शाळा सोडून कंपनी धरली आणि धाकट्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोचवलं. आणि अकरा वर्षांपूर्वी शेठच्या माणसांनी त्याच कंपनीचं गेट अडवलं, थोरले "बाजूला व्हा, कामावर जायचंय" म्हणत पुढे झाले, तेव्हा शेठनी सगळ्या शिफ्टसमोर त्यांना ढकललं. डबा उघडला, भाकरी रस्त्यावर गेली. शेठ मला म्हणायचे, "डॉक्टर, ती भाकरी अजून गडगडतीय बगा." आणि थोरले मला म्हणायचे, "ढकाललं त्याचं काय न्हाई. मी पडल्यावर त्यो हात द्यायला वाकला व्हता. म्याच त्याचा हात झटाकला. ते खातंय मला." त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. मला दोन्ही बाजू ठाऊक, आणि तोंडाला कुलूप. मी दोघांना एकच श्वासाचा व्यायाम शिकवला: अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत चार पेरं श्वास आत, सहा पेरं बाहेर. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

मग शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे पत्रिकेत घरातल्या सगळ्यात थोरल्याचं नाव पहिल्या ओळीत असतं, आणि गावातली माणसं मुहूर्ताआधी ती ओळ वाचतात. शेठनी छापखान्याला निरोप धाडला होता: सगळं जुळवून ठेवा, पहिली ओळ रिकामी ठेवा. तिच्यात थोरल्यांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय घालायचं नव्हतं, आणि विचारायला जायची छाती नव्हती. "त्यो न्हाई म्हनला तर डॉक्टर, मग मला खरंच अ‍ॅटॅक येईल." मी म्हणालो, एकदम थोरल्यांपासून सुरुवात नको, ज्यांची ज्यांची माफी मागावीशी वाटते त्यांची नावं एका कागदावर लिहा. शेठनी आज्ञाधारकपणे सतरा नावं लिहिली, पहिलं थोरल्यांचं, आणि कागद गाडीत समोर ठेवला.

तो त्यांच्या माणसांनी बघितला. शेठच्या हातची नावांची यादी म्हणजे काय, हे त्या मंडळींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हुकूम व्हायच्या आधी काम करून दाखवावं म्हणून त्यांनी सतराही जणांना निरोप पोचवला: "शेठनी तुमचं नाव लिवलंय." एवढंच. संध्याकाळपर्यंत चार दुकानांची शटरं खाली. एक जण सासुरवाडीला बार्शीला गेला, एक जण काही होत नसताना हॉस्पिटलात भरती झाला, आणि तिघांनी माझा शनिवार मागितला. पुढच्या गुरुवारी शेठ माझ्या खुर्चीत बसून रडवेल्या आवाजात म्हणाले, "आता काय करू राव? माफी मागायला मानूसच घावंना!" मी इतका हसलो, की आखूड पायाच्या खुर्चीवरून पडता पडता वाचलो. मग शेठही हसले. पोट धरून हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. दातही सगळे दिसले, शाबूत होते.

सतरांपैकी एकच माणूस पळाला नाही. त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी थोरले कंपनीचा शर्ट घालून, डबा घेऊन शेठच्या भंगाराच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर चालत आले आणि म्हणाले, "पहिलं नाव माजं हाय म्हनं. काय करायचं ते उरकून घे. फर्स्ट शिफ्टला जायचंय." शेठ उभे राहिले, छाती धडधडायला लागली, आणि ज्याला बघून चाकणचा पट्टा कापतो तो माणूस मातीत बसला. थोरल्यांनी डबा बाजूला ठेवला, शेजारी बसकण मारली, धाकट्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याचा अंगठा पेरावर टेकवला. "मोज. चार आत."

हे मला दोनदा ऐकायला मिळालं. शेठ म्हणाले, "डॉक्टर, थोरला अगदी तुमच्यावानी बोलला बगा! फिटर मानूस, हे शिकला कुटं?" मी पुढच्या गुरुवारची वेळ लिहून घेतली. पाच दिवस आधी, शनिवारी थोरले म्हणाले होते, "मी सहा म्हनायच्या आत त्योच सहा म्हनला. पहिल्यापासून हुशार हाय." आधी कोण रडलं, याबद्दल मात्र दोघांची साक्ष वेगवेगळी आहे. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.

लग्नाला गेलो. पत्रिकेची पहिली ओळ भरलेली होती आणि थोरले डोक्याला फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे होते. शेठनी मला हाताला धरून नेलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दादा, हे आपले दातांचे डॉक्टर!" थोरल्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखा नमस्कार केला. शेठ पाहुण्यांकडे वळल्यावर त्यांनी मोठा आ केला, "डॉक्टर, ही दाढ बगा जरा," आणि मी वाकलो तसे कानाशी कुजबुजले, "मी येत व्हतो ते त्याला सांगू नगा. उगं काळजी करील." पाच मिनिटांनी अक्षता वाटता वाटता शेठ माझ्या दुसऱ्या कानाशी आले. "डॉक्टर, दाढंचं खरं काय ते दादाला कळू देऊ नगा हां. जीवाला लावून घेतो त्यो." ही हकीकत लिहू का, असं मी नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघंही म्हणाले, खुशाल लिहा, फक्त त्याच्या हाती पडू देऊ नका. दोघंही पुस्तक वाचत नाहीत, तेवढाच मला आधार.

आता गुरुवारी चार आणि शनिवारी अकरा या दोन्ही वेळा रिकाम्या असतात. शेठनी धंदा पुष्कळ आवरलाय; राहिलेले सोळा जण हळूहळू परत आले आणि त्यांनाही माफी मिळाली, म्हणजे शेठनी मागितली. मी माझ्या खुर्चीत बसतो, दार समोर दिसतं, आणि मला तिथे अजिबात बरं वाटत नाही. परवा गुरुवारी चार वाजता चहा आला. चहावाला शीळ घालत जिना उतरून गेला. मी एक घोट घेतला. चहा पुन्हा पाणचट झाला होता. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.